दोन वर्षांचं ग्रीन कार्ड दहा वर्षांचं कसं होतं

अमेरिकेत येऊन जेमतेम महिना झाला होता. टपालाच्या पेटीत ग्रीन कार्ड आलं, सासूबाईंनी ते आधी देवापुढे ठेवलं, मग माझ्या हातात दिलं. उलटसुलट करून पाहिलं तर मुदत दोनच वर्षांची. नवरा म्हणाला, "छपाईची चूक असेल, फोन करून सांगू." चूकबीक काही नव्हती. लग्न नवं असलं की पहिलं कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपायच्या आधी अर्ज करून त्याला चिकटलेली अट काढून घ्यावी लागते. त्या अर्जाचं नाव आय-७५१.

माझं कार्ड दहा वर्षांचं झाल्याला आता बराच काळ लोटला. तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीच्या मंडळात नव्याने आलेल्या मुली, आणि आजवर दोन मुलगे, कागदांची पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसतात. मी वकील नाही. पण प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

हे नक्की कोणाला लागू?

नोकरीच्या रांगेतून ग्रीन कार्ड मिळालेल्या कुटुंबांनी हे वाचायची गरज नाही, त्यांच्या कार्डाला ही अट नसते. लग्नाच्या आधारावर कार्ड मिळालं आणि ते मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नव्हती, तर तुम्ही सशर्त रहिवासी. खोटी लग्नं रोखण्यासाठी १९८६ साली अमेरिकेत कायदा झाला, त्यातून ही दोन वर्षांची अट आली. कार्डावर प्रकाराचा कोड छापलेला असतो. भारतातून व्हिसा घेऊन आलेल्यांचा सीआर-१, अमेरिकेत राहूनच अर्ज केलेल्यांचा सीआर-६. फियान्से म्हणजे वाग्दत्तांच्या व्हिसावर येऊन इथे लग्न केलेल्यांच्या कार्डावर सीएफ-१ किंवा सीआर-६ दिसतो.

इथे एक बारकावा आहे, तो व्हिसा हातात आलेल्या पण अजून विमानात न बसलेल्या मंडळींच्या कामाचा. मोजली जाते ती तारीख मुंबईच्या मुलाखतीची नव्हे, अमेरिकेच्या विमानतळावर शिक्का बसतो त्या दिवसाची. लग्नाचा दुसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर असेल आणि व्हिसाची मुदत बाकी असेल, तर प्रवास पंधरा दिवस पुढे ढकला. उतरल्यावर अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून सांगा की दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, आयआर-१, म्हणजे अट नसलेला रहिवासी, म्हणून नोंद करा. कार्ड थेट दहा वर्षांचं येतं आणि हा पुढचा सगळा लेख तुम्हाला वाचावा लागत नाही. माझ्या मावसबहिणीने हे केलं. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

या दोन वर्षांत तुमचे हक्क मात्र कमी नसतात. नोकरी करता येते, भारतात जाऊन येता येतं, आणि पुढे नागरिकत्वासाठी ही दोन वर्षं मोजलीही जातात. फक्त शेवटी एकदा सरकारला दाखवायचं असतं की हे लग्न ग्रीन कार्डासाठी केलेलं नाही.

तारीख

अर्ज करायची खिडकी कार्डाची मुदत संपण्याआधीचे ९० दिवस. समजा कार्डावर १४ ऑक्टोबर आहे, तर खिडकी १६ जुलैला उघडते. त्याआधी पोचलेला अर्ज परत येतो. एका मैत्रिणीने "लवकर गेलेलं बरं" म्हणून घाई केली, पाकीट तीन दिवस आधी पोचलं आणि महिनाभराने चेकसकट दारात परत. यूएससीआयएस म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तारीख काढून देणारा कॅल्क्युलेटर आहे. बोटांवर मोजण्यापेक्षा तो वापरा, आणि खिडकी उघडल्यानंतर चार-पाच दिवसांनी पाकीट टाका.

उशीर त्याहून वाईट. मुदतीत अर्ज गेला नाही तर रहिवासाचा दर्जा आपोआप संपतो आणि इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते. आजारपण, घरातला मृत्यू असं खरं कारण असेल तर उशिरा केलेल्या अर्जासोबत लेखी कारण आणि त्याचा पुरावा जोडता येतो, तो मान्य करायचा की नाही हे त्यांच्या हातात. "विसरलो" हे कारण चालत नाही. खात्याकडून आठवणीचं पत्र येईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. कार्ड आलं त्याच दिवशी दोघांच्या फोनवर आठवण लावून ठेवा.

कार्डाचं नूतनीकरण करायचा आय-९० नावाचा वेगळा अर्ज असतो. दहा वर्षांच्या कार्डासाठी तो बरोबर, दोन वर्षांच्या मुदतीसाठी तो चुकीचा. दर वर्षी कोणीतरी तो भरून पैसे घालवतंच.

पुरावा कसला मागतात

बहुतेकजण येतात ते लग्नाचा अल्बम घेऊन. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, वरात, चारशे फोटो. ते सगळं व्हिसाच्या वेळी दाखवून झालेलं आहे. लग्न लागलं हे त्यांना कळलंय. आता त्यांना बघायचं असतं ते त्यानंतर संसार झाला का. आणि संसार फोटोत कमी, बिलांत जास्त दिसतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एक फाइल करायला सांगते. माझी होती ती डॉलर स्टोअरमधली अकॉर्डियन फाइल, तेरा कप्प्यांची. दर महिन्याला दोघांची नावं असलेला एकेक कागद आत टाकायचा. दोन वर्षांनी शोधाशोध करावी लागत नाही.

सगळ्यात वजनदार कागद करविवरणाचा. पती-पत्नी म्हणून एकत्र भरलेलं विवरण, दोन्ही वर्षांचं. आयआरएस म्हणजे इथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावरून त्याचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत उतारा, फुकट उतरवता येतं, तेच जोडा. कर सल्लागाराने सवयीने नवऱ्याचा "सिंगल" तसाच ठेवलेला मी दोनदा पाहिला आहे. लग्न झालेलं असताना ते चूकच, आणि या अर्जात ती चूक डोळ्यांत खुपते. दुरुस्त विवरण भरून मगच अर्ज करा. दोघांनी वेगवेगळं विवरण भरणं बेकायदा नाही, पण तसं केलं असेल तर का केलं, ते एका ओळीत लिहा.

मग बँक. संयुक्त खातं उघडल्याची पावती कोणी विचारत नाही. खात्यात पगार पडतो का, त्यातून भाडं जातं का, किराणा येतो का, हे बघतात. पन्नास डॉलर टाकून दोन वर्षं झोपलेलं खातं असेल तर ते न दाखवलेलं बरं. चांगलं स्टेटमेंट कसं दिसतं? महिन्याच्या एक तारखेला भाडं, तीनला पगार, शनिवारी पटेल ब्रदर्स या किराणा दुकानात बासष्ट डॉलर, मधेच ट्रेनचा पास, दाताच्या डॉक्टरची फी. वाचणाऱ्याला घर दिसतं. चोवीस महिन्यांची स्टेटमेंटं छापायची गरज नाही. सुरुवातीचे, मधले आणि अलीकडचे, असे सहा-सात महिने पुरतात.

भाडेकरार किंवा घराचं कर्ज दोघांच्या नावावर, गाडीच्या विम्यात दोघंही चालक, आरोग्य विम्यात एकमेकांची नावं, नोकरीतल्या ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यात किंवा आयुर्विम्यात वारस म्हणून जोडीदाराचं नाव. या शेवटच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून आईचं नाव असतं. कंपनीच्या पोर्टलवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि आपण गेल्यावर पैसे कोणाला मिळावेत या प्रश्नाचं उत्तर सरकारला फार बोलकं वाटतं. मूल झालं असेल तर त्याचा जन्मदाखला. त्याहून मोठा पुरावा नाही, पण मूल नसेल तर काही अडतही नाही.

सासू-सासऱ्यांच्या घरात राहत असाल तर

आपल्याकडच्या मुलींची खरी अडचण इथे. घर सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल सासूबाईंच्या नावावर, इंटरनेट दिराच्या नावावर, फोनचा फॅमिली प्लॅन नणंदेच्या नावावर. सून दोन वर्षं त्या घरात राबते आणि कागदावर ती कुठेच नसते. माझंही तसंच होतं. दीड वर्ष झाल्यावर मी हिशेब मांडला, तर दोघांच्या नावावर निघाला फक्त एक जिमचा करार, तोही नवऱ्याने कधी वापरला नव्हता.

यावर उपाय आहेत. सासू-सासऱ्यांनी नोटरीसमोर पत्र द्यावं: मुलगा आणि सून अमुक तारखेपासून आमच्याकडे राहतात, भाडं घेत नाही, किंवा घरखर्चाला महिना इतके देतात. सोबत त्यांच्या घराच्या मालकीचा किंवा घरपट्टीचा कागद. मग त्याच पत्त्यावर तुम्हा दोघांच्या नावाने आलेली वेगवेगळी टपालं: ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराची स्लिप, दवाखान्याचं बिल, ग्रंथालयाचं कार्ड, मतदाराची नोंद फक्त नागरिक असलेल्या जोडीदाराची. तुम्ही चुकूनही मतदार म्हणून नाव नोंदवू नका, लायसन्सच्या कार्यालयात विचारलं तरी नाही म्हणा, त्यातून फार मोठं संकट येतं. आणि एक बिल दोघांच्या नावावर करून घ्या. सासूबाईंना सांगताना वाकडं वाटेल, घर बळकावायला निघाली असंही कोणाला वाटेल. मी सरळ सरकारी सूचनांचं पान समोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून गॅसचं बिल आमच्या नावावर केलं.

नोकरीमुळे दोघं वेगवेगळ्या शहरांत असाल, तो डॅलसला आणि ती एडिसनला, तर लपवू नका. दोन्ही पत्ते खरे लिहा, कारण लिहा, नोकरीची पत्रं जोडा आणि एकमेकांकडे केलेल्या विमानप्रवासांची तिकिटं जोडा.

नावांचा गुंता

लग्नाआधी स्नेहा विजय पाटील, लग्नानंतर स्नेहा अमोल देशमुख. पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं, लायसन्सवर मधलं नावच नाही, आणि लग्नात नाव बदललं असेल तर पत्रिकेत तिसरीच कोणी. इथल्या अधिकाऱ्याला बायकोच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव का, हे आपोआप कळत नाही. अर्जात "वापरलेली इतर नावं" असा रकाना आहे. त्यात प्रत्येक रूप लिहा, माहेरचं, सासरचं, वडिलांच्या नावासकट आणि नावाशिवाय. सोबतच्या पत्रात एक वाक्य टाका की महाराष्ट्रात लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर पतीचं नाव मधे लावायची पद्धत आहे.

महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, किंवा दुसरा कुठलाही कागद, फक्त मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात व भाषांतर बिनचूक आहे असं लिहून सही करायची असते. दोन्ही भाषा जाणणारी कोणीही व्यक्ती चालते, फक्त ते काम स्वतः करू नका.

ओळखीच्यांची पत्रं

कागद कमी असतील तेव्हा ही फार उपयोगी पडतात. सशर्त कार्ड मिळाल्यापासून तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या किमान दोन व्यक्तींची शपथपत्रं द्यायची. लिहिणारा नागरिकच हवा असं नाही. त्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थान, तुमच्याशी नातं आणि त्याला हे सगळं कसं माहीत, एवढं त्यात हवं. शक्यतो नोटरी करून घ्या.

आपली माणसं मात्र पत्रात प्रशस्तिपत्रक लिहितात. "हे अत्यंत सुसंस्कृत आणि अनुरूप जोडपं आहे." याचा काही उपयोग नाही. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी लिहिलं होतं ते असं: फेब्रुवारीत बर्फ पडला त्या रात्री हिच्या पोटात दुखायला लागलं, नवऱ्याला गाडी काढता येईना, म्हणून माझ्या यजमानांनी दोघांना इस्पितळात नेलं, तो रात्रभर तिथेच खुर्चीत बसला होता, सकाळी मी दोघांना मऊ भात घेऊन गेले. एवढंच. पण वाचणाऱ्याला पटतं, कारण हे कोणी बसून रचत नाही.

फोटोंचंही तेच. दहा-पंधरा पुरे, दोन वर्षांवर पसरलेले, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि फोटोत कोण कोण. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने, मंडळाचा गणपती, दिवाळीत भारतात दोघं मिळून गेलात तो, डोहाळजेवण झालं असेल तर ते. नवऱ्याने केलेला जळका केक हातात धरलेला एक फोटो मी घातला होता. त्याला तो काढून टाकायचा होता.

पाकीट

अर्ज दर वेळी संकेतस्थळावरूनच नवा उतरवा. खाली कोपऱ्यात आवृत्तीची तारीख असते, जुनी असेल तर परत पाठवतात. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फॉर्म वापरू नका. दोघांनीही शाईने सही करायची. नवऱ्याची किंवा बायकोची सही राहिली म्हणून परत आलेली पाकिटं मी पाहिली आहेत, सगळी रात्री अकराला "उद्या टाकायचंच" म्हणून बंद केलेली.

फी १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे, बोटांच्या ठशांचे पैसे त्यातच आले. पाठवण्याच्या दिवशी पुन्हा एकदा बघून घ्या. परवडत नसेल तर फी माफीसाठी आय-९१२ नावाचा अर्ज आहे. २८ ऑक्टोबर २०२५ पासून टपालाने पाठवायच्या अर्जांसोबत चेक किंवा मनीऑर्डर सर्वसाधारणपणे घेत नाहीत. कार्डाने भरायचं तर जी-१४५०, अमेरिकन बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म वरती ठेवायचा. माझ्या मैत्रिणीचा चेक परत आला ती गोष्ट या बदलाच्या आधीची.

ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, एक छोटं पत्र, त्यामागे कागदांची यादी, मग यादीच्याच क्रमाने कागद. मूळ दाखले पाठवू नका, प्रती पाठवा. तुमच्याबरोबर किंवा तुमच्यानंतर ९० दिवसांच्या आत सशर्त कार्ड मिळालेली मुलं याच अर्जात येतात, त्यानंतर आलेल्यांचा अर्ज वेगळा. पाठवायचा पत्ता तुम्ही कुठल्या राज्यात राहता आणि टपालाने की कुरिअरने पाठवता यावर बदलतो. ट्रॅकिंग घ्या. आणि सील करण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत अख्खं पाकीट स्कॅन करा. दोन वर्षांनी अधिकारी विचारतो तेव्हा आपण काय पाठवलं होतं ते आठवत नाही.

पावती आणि वाट बघणं

काही आठवड्यांत पावतीचं पत्र येतं. ते साधं दिसतं, पण आता तेच तुमचं ग्रीन कार्ड. २०२३ च्या जानेवारीपासून या पत्राने कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते. म्हणजे कार्डावर १४ ऑक्टोबर २०२६ असेल तर कार्ड आणि पत्र मिळून १४ ऑक्टोबर २०३० पर्यंत चालतात. इतकी वाढ का दिली, ते निकालाला लागणाऱ्या वेळावरून कळेल. वर्ष-दोन वर्षं धरून चाला, जास्तही लागतात.

टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. हे ऐकून मुली हसतात. पण पेटीवर फक्त सासऱ्यांचं नाव आणि पत्र वेगळ्या आडनावाने आलं, तर टपालवाला ते परत नेऊ शकतो. घर बदललं तर दहा दिवसांच्या आत खात्याला पत्ता कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. टपाल खात्याकडे पत्ता बदलला म्हणजे इमिग्रेशनकडे बदलला असं होत नाही.

नोकरीच्या ठिकाणी जुनं कार्ड आणि हे पत्र एकत्र दाखवायचं. लायसन्सची मुदत बऱ्याच राज्यांत कार्डाशी बांधलेली असते, ती त्याच दिवशी संपते, त्यामुळे तिथे पत्राची मूळ प्रत घेऊन आधीच जा.

भारतात जाताना मूळ पत्र हातसामानात ठेवा, सुटकेसमध्ये नको. परतताना मुंबई विमानतळावर रात्री एक वाजता काउंटरवरची मुलगी कार्डावरची संपलेली तारीख बघते आणि मान हलवते. माझ्या बाबतीत झालं. शांतपणे पत्र पुढे करायचं, ४८ महिन्यांच्या ओळीवर बोट ठेवायचं, आणि ऐकत नसेल तर वरिष्ठांना बोलवायला सांगायचं. मला चाळीस मिनिटं लागली, मागच्या रांगेतले काका घड्याळ बघत होते. पत्र हरवलं असेल तर निघण्याआधी खात्याच्या ८००-३७५-५२८३ या क्रमांकावर फोन करून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मागता येतो. भारतात गेल्यावर हरवलं तर आय-१३१-ए हा अर्ज भरून अमेरिकन वकिलातीकडे जावं लागतं. सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधीच री-एन्ट्री परमिट लागतं.

ठशांसाठी बोलावणं येतं, किंवा जुनेच ठसे वापरतोय असं पत्र येतं. पुढे कधी अधिक पुराव्याची मागणी आली तर घाबरू नका, पण उत्तर एकदाच देता येतं. हाताशी आहे तेवढं आज, उरलेलं पुढच्या आठवड्यात, असं चालत नाही. पत्रावरच्या तारखेच्या आत सगळं एका पाकिटात. पुरावे नीट असतील तर मुलाखत माफ होऊ शकते. झालीच तर दोघांनी जायचं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला "माहीत नाही" म्हणायचं.

लग्न टिकलं नाही तर

हा भाग कोणी मोठ्याने विचारत नाही. सगळे गेल्यावर भांडी विसळता विसळता विचारतात.

घटस्फोट झाला म्हणून कार्ड जात नाही. लग्न खरं होतं आणि नंतर मोडलं, हे दाखवता आलं तर जोडीदाराच्या सहीशिवाय, एकट्याने हाच आय-७५१ भरता येतो. जोडीदार वारला असेल तरीही. मारहाण किंवा छळ झाला असेल तरीही, आणि त्यासाठी घटस्फोट झालेला असण्याचीही गरज नाही. देशाबाहेर काढल्यास अतिशय हाल होतील, हेही एक स्वतंत्र कारण आहे. अशा अर्जांना ९० दिवसांच्या खिडकीचं बंधन नाही, आधीही करता येतात आणि नंतरही. घटस्फोटाच्या आधारावर अर्ज केला आणि निकाल अजून लागलेला नसेल, तर खातं अंतिम हुकूमनामा मागतं आणि तो ठरावीक मुदतीत द्यावा लागतो. पुणे-नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज चालू असेल तर तारखा किती लांबतात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून इथल्या इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला.

वेगळे राहता पण कायद्याने लग्न टिकून आहे आणि जोडीदार सही करायला तयार आहे, असंही असतं. एकत्र अर्ज करता येतो. मात्र पत्ते खरे लिहायचे. एका छपराखाली राहतो असं खोटं लिहिलं तर आजवरचा खरा संसारही संशयात जातो. ग्रीन कार्डासाठी ठरवून खोटं लग्न करण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे लग्नावर किंवा नात्यावर आधारलेले अर्ज कायमचे बंद.

आणि हे ज्या मुलीसाठी लिहिते आहे तिला कळेल. "मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल" हे नवऱ्याचं वाक्य खोटं आहे. त्याच्या सहीशिवाय वाट आहे. तू छळाच्या आधारावर अर्ज केलास तर खातं त्याची माहिती त्याला देऊ शकत नाही, आणि केवळ त्याच्या सांगण्यावरून तुझ्याविरुद्ध निर्णयही घेऊ शकत नाही. पासपोर्ट त्याने कुलपात ठेवला असेल तर कार्डाचा आणि पासपोर्टचा फोटो मिळेल तेव्हा काढून आईला पाठवून ठेव. राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार मदतवाहिनी ८००-७९९-७२३३, दिवसरात्र चालू असते, दुभाषी मागता येतो. न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, न्यूयॉर्कमध्ये सखी, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मैत्री. त्यांना "सासू काय म्हणेल" हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

वकील हवाच का?

सरळ संसार, भरपूर कागद, वेळेत अर्ज, तर नको. घटस्फोट, छळ, उशीर, कुठलीही अटक, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याची किंवा दुकानातल्या गैरसमजाची, किंवा जोडीदाराने आधी दुसऱ्या कोणासाठी असाच अर्ज केलेला असणं, यांपैकी काहीही असेल तर हवाच. कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधींनाच आहे. किराणा दुकानाच्या काचेवर पाटी लावून "सगळे फॉर्म भरून मिळतील" म्हणणाऱ्याला नाही, माझ्यासारख्या हौशी बाईलाही नाही.

मधेच नागरिकत्व

जोडीदार नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असाल, तर पहिल्या कार्डावरच्या "कधीपासून रहिवासी" या तारखेपासून तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि एन-४०० हा अर्ज त्याच्याही ९० दिवस आधी टाकता येतो. आय-७५१ तोवर लोंबकळत असेल तरी हरकत नाही. बऱ्याचदा दोन्हींची मुलाखत एकाच दिवशी होते, त्यामुळे नवऱ्याला किंवा बायकोला बरोबर न्या आणि फाइलमध्ये मधल्या वर्षाचे ताजे कागद घाला. ज्यांना भारताचा पासपोर्ट सोडायचा नाही त्यांनी घाई करायचं कारण नाही, दहा वर्षांच्या कार्डावर आयुष्य काढणारे आमच्या मंडळात पुष्कळ आहेत.

नवं कार्ड आलं की देवापुढे ठेवण्याआधी ते वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आणि "कधीपासून रहिवासी" ही तारीख. ती पहिल्या कार्डावरचीच असायला हवी, मंजुरीच्या दिवसाची नव्हे, कारण नागरिकत्वाची वर्षं तिथून मोजतात. माझ्या कार्डावर देशमुखचं देशमख झालं होतं. चूक त्यांची असेल तर आय-९० विनाशुल्क भरून, चुकलेलं कार्ड सोबत पाठवून दुसरं मागता येतं.